सात मिलिमीटरचा खळगा

फळीवाल्याने आपली लांब पोलादी पट्टी टेबलावर आडवी ठेवली, गुडघ्यांवर वाकून डोकं टेबलाच्या उंचीला आणलं, एक डोळा मिटला आणि पट्टीखालून पलीकडे पाहिलं. मग हसला. "काका, उजेड दिसतोय." मी म्हटलं, दिवसाढवळ्या उजेडच दिसणार. "तसं नाही हो. तुमच्या टेबलाला मधोमध तळं झालंय." तो नुसतं माप घ्यायला आला होता. टेबलाची पुढची कड चिरली होती, शिकंजा डुगडुगायला लागला होता, म्हणून वरची फळी काढून काहीतरी टिकाऊ बसवायचं ठरवलं होतं, एवढंच. खळग्याची खोली मोजायला त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्याने खिशातून स्वतःच्या नावाची छापील कार्डं काढली आणि पत्ते पिसल्यासारखी करून एकेक पट्टीखाली सरकवायला लागला. पाच, सात, दहा. सतराव्या कार्डावर पट्टी अडली. "सतरा! अहो, यात मासे सोडा." मीही हसलो. समोरचा हसला की माणूस हसतो. हसता हसता नजर खळग्याच्या मागे गेली, तिथे टेबलाला चार स्क्रूंनी पक्की केलेली माझी उभी मोजपट्टी होती, आणि हसू तसंच तोंडात राहिलं, गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

मी बूट करतो. काचेमागे मांडलेले बघून माणूस आत शिरतो, तसले नाही. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे अशा माणसांचे. हाडांचा डॉक्टर चिठ्ठी देतो, डावा पाय, तीस मिलिमीटर. म्हणजे डाव्या बुटाच्या तळाला तीस मिलिमीटर उंची द्यायची. मी कॉर्कचे थर एकावर एक चिकटवतो, ठोकून बसवतो, तो ठोकळा मोजपट्टीला टेकवून उभा करतो आणि पट्टीवर चिठ्ठीतला आकडा दिसेपर्यंत थर लावतो, घासतो, पुन्हा लावतो. चौदा वर्षं. पट्टीचा शून्य टेबलाच्या पृष्ठभागाशी जुळवून मीच ती बसवली होती, आणि मुंगीच्या धक्क्यानेही हलणार नाही अशी बसवली होती. ती हललीच नाही. टेबल खाली गेलं. रोज ठोकून ठोकून, आणि दर शनिवारी चिकटवायचं वाळलेलं सोल्यूशन पात्याने खरवडून खरवडून, तळहाताच्या दीडपट जागेतलं लाकूड निघून गेलं. ठोकळा त्या खड्ड्यात उभा राहायचा आणि पट्टीला सांगायचा, मी अजून तीसचा झालो नाही. मी आणखी एक पातळ थर द्यायचो. पट्टीवर तीस दिसायचे तेव्हा ठोकळा सदतीसचा झालेला असायचा. आज सदतीसचा, कारण सतरा कार्डं म्हणजे सात मिलिमीटर. पहिल्या वर्षी तीसचाच होता, मग साडेतीस, मग एकतीस. वर्षाला अर्धा मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरला कोण ओरडतं? माणूस दरवर्षी नवा बूट घालतो, दोन दिवस पाय अवघडतो, मग सवय होते. ज्याला आपण सवय म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं, कुणीतरी आपल्याला अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाकडं करत असतं आणि आपण त्याचे आभार मानत असतो.

फळीवाला बोलत होता. लॅमिनेट आहे, स्टीलचा पत्रा आहे, ग्रॅनाइट आहे, खाटकाच्या ओट्यावर असतं तसं जाड पांढरं प्लॅस्टिक आहे. "संध्याकाळच्या आत सांगा, म्हणजे उद्या गाडीत घालतो. परवापासून आठवडाभर कारखाना बंद." मी म्हटलं, दुपारी येतो, नमुने बघतो. "बघा की. आणि काका, एवढं तोंड पाडू नका. लाकूड झिजतंच. चौदा वर्षांत बायकोसुद्धा झिजते." तो कार्डं गोळा करून खिशात घालून गेला, एक मात्र खळग्यात राहिलं. मी ते उचललं नाही. ठोकायची हातोडी हातात घेतली, खाली ठेवली. रापी घेतली, तिची धार अंगठ्यावर पाहिली, ठेवली. भिंतीवर दोऱ्यांना टांगलेले लाकडी कलबूत होते, प्रत्येक माणसाच्या पायाचा लाकडी साचा, एकसष्ट जोड्या. त्यांच्याकडे पाठ करून बसलो. मग पाठीला ते दिसतायत असं वाटायला लागलं, म्हणून त्यांच्याकडे तोंड करून बसलो.

पहिल्याच खुंटीवर आक्काचे होते. माझी थोरली बहीण. लहानपणी ती सात महिने अंथरुणावर होती, उठली तेव्हा डावा पाय मागे राहिलेला. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि मला वाटायचं, पाय झोपून राहिला, तो उठेल. घरात कुणी काही बोलायचं नाही. बाबा तिला शाळेत सोडायचे तेव्हा दोन पावलं पुढे चालायचे, लोकांनी दोघांकडे एकदम बघू नये म्हणून. आई तिच्या चपलेत जुन्या कपड्याची घडी घालायची, ती घडी दुपारपर्यंत बोटांकडे सरकायची, आणि आक्का रस्त्यात थांबून ती मागे सारायची, खाली वाकून, दप्तर सांभाळत. ते वाकणं मला अजून दिसतं. मी चामड्याच्या धंद्यात शिरलो ते तिच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. डॉक्टरांना, गिऱ्हाइकांना, बायकोला लग्नाआधी दुसऱ्याच भेटीत. खरं म्हणजे मला दहावीला तीनदा नापास केलं आणि कोपऱ्यावरच्या बूटवाल्याला हात हवा होता. पण सांगून सांगून ते खरं झालं. टेबल केलं, मोजपट्टी ठोकली, तेव्हा पहिली जोडी तिची केली. तीस मिलिमीटर. ती खोलीत चालली, भिंतीपर्यंत गेली, वळली, आली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी बेचाळीस वर्षांचा होतो.

आणि गेली चार वर्षं तिची पाठ दुखते. दर रविवारी ती आमच्याकडे येते, जेवते, दुपारभर बसते, आणि खुर्चीतून उठताना एक हात कमरेवर आणि दुसरा टेबलावर. "काय झालं आक्का?" "काही नाही रे. पाठ." ही, म्हणजे माझी बायको, गरम पाण्याची पिशवी देते. मी उपदेश देतो. सरळ चाल. पोट आत घे. शिवणयंत्रावर वाकून वाकून तू पाठीची वाट लावलीस. ती कपडे शिवते, आयुष्यभर तेच केलं, म्हणून यंत्राला दोष देणं सोपं होतं. एकदा तर मी तिला दारापासून गॅलरीपर्यंत चालायला लावलं होतं, डोक्यावर पुस्तक ठेवून. साठीला आलेली बाई. पुस्तक पडलं. मी म्हणालो, बघ, तुझं चालणंच चुकतं. ती पुस्तक उचलायला वाकली आणि वर येताना तिच्या तोंडातून जो आवाज आला तो मी ऐकला, आणि तरी म्हणालो, पुन्हा.

मी माणूस नालायक आहे हे मला आज कळलं असं नाही. पण आपण नालायक आहोत ते कुठल्या बाबतीत, हे नीट मोजून कुणी हातात दिलं नव्हतं. सतरा कार्डं.

अकराच्या सुमारास ग्रंथालयवाल्या बाई आल्या. चाळीस मिलिमीटर, उजवा. त्यांची नवी जोडी गेल्या आठवड्यातच तयार करून कपाटात ठेवली होती. आल्या आल्या बाकावर बसल्या, जुने काढले, नवे घातले, नाड्या बांधताना म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही होतात म्हणून मी नोकरी पुरी केली. मी सगळ्यांना सांगते." मी त्यांच्या पायाकडे पाहत होतो. त्या उठल्या, चालल्या, आणि मला चौदा वर्षांत कधी दिसलं नव्हतं ते लख्ख दिसलं. उजवं पाऊल टेकलं की सगळी बाई डावीकडे ढकलली जात होती. "हल्ली इथे खुब्यात कट्ट वाजतं. डॉक्टर म्हणतात, वय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडून सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बूट काढा, चूक झाली आहे. मी म्हणालो, "वय होतंच हो बाई. दोन दिवस घाला, बसतील." हे वाक्य माझ्या तोंडात इतकं तयार असतं की ते मला न विचारता बाहेर येतं. त्या "बसतीलच" म्हणून हसत गेल्या. पायऱ्या तीन. प्रत्येक पायरीला मी आतून ऐकत होतो. एक, कट्ट. दोन, कट्ट. कदाचित वाजलं नसेल. दार लावून मी त्यांचा जुना बूट उलटा केला. तळ बाहेरच्या कडेला पार गेलेला. मी तळ वाचतो, हे माझं मोठं कौतुक. बूट उलटा केला की माणूस कसा चालतो, जिना किती चढतो, कुणाला टाळायला रस्ता ओलांडतो, सगळं सांगतो. आणि एवढं ढळढळीत लिहिलेलं असताना मी दरवर्षी त्याखाली एकच शेरा मारत आलो, वय.

खरं म्हणजे तेव्हाच मागे पळायला हवं होतं. त्या कोपऱ्यापर्यंतच गेल्या असतील, त्यांचा वेग काय तो. मी नाही गेलो. मी हातोडी-रापी पिशवीत टाकली, दुकानाला कुलूप लावलं आणि उलट्या दिशेने फळीवाल्याकडे निघालो, जसं काही फळी बदलली की बाईंचा खुबा वाजायचा थांबणार होता. रस्त्यावर सगळे चालत होते. माणसं इतकी चालतात हे एरवी लक्षात येत नाही. कुणी टाच घासत, कुणी पंजावर, एक टाय लावलेला माणूस दोन्ही पाय बाहेर फेकत बदकासारखा, एक बाई मूल कमरेवर घेऊन अर्धी वाकडी. मला सगळी माझी गिऱ्हाइकं वाटायला लागली. दर माणसाकडे बघून आकडा येत होता, याला पाच, हिला नऊ. एकाकडे मी इतकं टक लावून पाहिलं की तो थांबून म्हणाला, "काय बघताय?" मी म्हणालो, तुमचा डावा खांदा खाली आहे. "बरं मग?" म्हणाला. बरं मग. मी पुढे निघालो.

फळीवाल्याच्या दुकानात नमुने भिंतीवर टांगले होते, तळहाताएवढे तुकडे, प्रत्येकाला भोक पाडून साखळी. मी पिशवीतून माझी हातोडी काढली. "अहो काका, हे काय!" मी म्हटलं, टिकाऊ म्हणता ना, बघू दे. लॅमिनेटला मारली, कोपऱ्याचा टवका उडून त्याच्या हिशेबनिसाच्या चहात पडला. पत्र्याला मारली, तर दुकानभर असा आवाज घुमला की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. शिवाय खड्डा पडला, छोटा, पण पडला. पांढऱ्या प्लॅस्टिकवर रापी ओढली, चर पडला. कठीण लाकडावर हातोडी उसळली, वळ उठला. ग्रॅनाइटवर मारली तेव्हा त्याला काहीच झालं नाही, माझ्या मनगटाला झालं. "बघितलंत? हे घ्या. तुम्ही गेलात तरी राहील." "मी गेल्यावर त्याच्यावर कोण काम करणार?" "मग असं करा ना, काय हवं ते तरी सांगा. ठोकायला मऊ हवं, झिजायला नको, डाग नको, आवाज नको. असली वस्तू मिळाली तर मीच घरी नेईन." हिशेबनीस चहातला टवका बोटाने काढत म्हणाला, "लग्नाला स्थळ बघायला आल्यासारखं करतायत." दोघं हसले. मला राग आला, तो त्यांचा नव्हता. भिंतीवरचे सगळे तुकडे गुळगुळीत, निर्लज्ज, कुणाच्याही अंगावर एक दिवस पडलेला नव्हता, आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं, टिकाऊ. लाकडाला शिव्या द्याव्यात असं तरी त्याने काय केलंय, याचा मी विचार करत होतो. लाकडाने काही लपवलं नव्हतं. दर शनिवारी पात्याच्या टोकाला त्याचा भुगा यायचा, मी फुंकर मारून उडवायचो. पट्टीने काही लपवलं नव्हतं. पट्टी स्वतंत्र ठेवली असती, ठोकळ्याशेजारी त्याच खड्ड्यात उभी करून मोजलं असतं, तर पट्टीही खड्ड्याबरोबर खाली गेली असती आणि तीस म्हणजे तीसच आले असते. मी ती चार स्क्रूंनी गच्च आवळली. जे मी सर्वांत पक्कं केलं तेच चुकलं, आणि पक्कं होतं म्हणून चौदा वर्षं कळलं नाही. "संध्याकाळी फोन करतो," म्हणून मी बाहेर पडलो. "काका, हातोडी!" फळीवाला मागून धावत आला. हातोडी विसरणारा मी नव्हे, पण आज विसरलो होतो.

पाय बसथांब्याकडे वळले. आक्काकडे जायचं ठरवलं असं म्हणणार नाही, दुसरं कुठे जाववेना. तिच्या घरी मी किती दिवसांनी जात होतो? आठवायला गेलो तर वर्षं आठवायला लागली. रविवारी ती येते ना, मग आपण कशाला जायचं. बसमध्ये खिडकीशी बसून वाक्य जुळवत होतो. आक्का, एक गोष्ट झाली आहे. नको. आक्का, तुझी पाठ माझ्यामुळे गेली. हे जास्त नाटकी. आक्का, टेबल झिजलं. हे खरं, पण त्यात मी कुठेच नाही, सगळं टेबलानेच केलं. प्रत्येक वाक्यात एक तर मी फार मोठा व्हायचो, नाही तर गायब. आणि मधूनच आणखी घाणेरडं काहीतरी वर येत होतं, की नाहीच सांगितलं तर? नवी फळी टाक, शून्य नीट जुळव, पुढच्या वर्षी सगळ्यांना चिठ्ठीप्रमाणे बरोबर करून दे. पाठी हळूहळू बऱ्या होतील. लोक आणखी आभार मानतील. मास्तर, नव्या बुटांनी काय जादू केली! हे मला ऐकू आलं, आणि ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची शिसारी आली. शेजारच्याने विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, वाटतंय, तीच तर पंचाईत आहे. तो उठून पुढच्या सीटवर गेला.

आक्काच्या दाराला कुलूप होतं. मी दोनदा वाजवलं, कुलूप दिसत असताना. शेजारणीने दार किलकिलं केलं. "कोण हवंय?" मी भाऊ, म्हणालो. "बूटवाला भाऊ?" तिने मला पायापासून वर पाहिलं, डोळ्यांत काहीतरी चमकलं, ते तेव्हा कळलं नाही. "त्या फिरायला गेल्यात. रोजच जातात ना या वेळी. टाकीपर्यंत जाऊन येतात." पाण्याची टाकी टेकाडावर आहे. मी म्हणालो, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय. "एकच शिंपीणबाई आहेत इथे," ती म्हणाली आणि दार लावलं. मी खाली उतरून टेकाडाच्या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिलो. ऊन कलतं होतं. वरून माणसं येत होती, आणि माझी वाईट खोड, मी चेहरे न बघता चाली बघत होतो. एक चाल मला आवडली. उतारावर टाच नीट टेकवत, दोन्ही खांदे एका ओळीत, हात मोकळे, पिशवी लोंबकळत नाही तर झुलतेय, दिवस संपवून कोणी आनंदाने घरी येतं तशी. कुणीतरी चांगलं चालतंय, असं मी मनात म्हटलं. मग वर पाहिलं. आक्का होती.

तिने मला दहा पावलांवरून ओळखलं आणि थांबली. पहिल्यांदा तिने काय केलं असेल तर डावा पाय उजव्यामागे घेतला. शाळेत बाई रागावल्या की मूल हात मागे घेतं तसा. पायात काळे बूट होते, साधे, नाडीचे. माझे नव्हते. टाचेची शिवण दुहेरी होती, मी एकेरी घालतो.

"कुणी केले?" हे मी विचारलं. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य नाही. कुणी केले.

"तू इथे कसा? घरी सगळं बरं आहे ना?"

"कुणी केले आक्का?"

"पुलापलीकडे एक मुलगी आहे. नवीनच आहे." ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."

मी रस्त्यातच उकिडवा बसलो आणि तिचा पाय हातात घेतला. लोक बाजूने जात होते. तळ चांगला झिजलेला होता, दोन्ही कडांनी सारखा. मी अंगठ्याने उंची चाचपली. तीस. चाचपूनच कळतं मला, हातांना पट्टी लागत नाही. पण चौदा वर्षं मी हातांना विचारलंच नव्हतं. "काम बरं आहे," म्हणालो. "शिवण जड आहे, पण बरं आहे."

"ऊठ रे. तमाशा नको."

"रविवारी?"

"रविवारी तुझे घालते. पिशवीतून आणते. तुमच्या थांब्यावर बाक आहे ना, तिथे बसून बदलते, जाताना पुन्हा बदलते." तिने इकडेतिकडे पाहिलं. "पाठ दुखते ते खोटं नाही हां. चार तास तुझ्यात काढले की भरून येतेच."

चार तास तुझ्यात. मी उठलो. गुडघा दुखला. "मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं." आक्काचा आवाज चढला नाही, तिचा कधीच चढत नाही, म्हणून तो टाळता येत नाही. "सहा वर्षांपूर्वी. माझ्या झग्याची किनार डावीकडे वर जायला लागली. मी लोकांच्या किनारी जमिनीपासून खडूने आखते, मला कळणार नाही? मोजलं, चार मिलिमीटर. तुला म्हटलं, अरे, पाय चढतोय. काय म्हणालास आठवतंय?"

आठवत नव्हतं. मग आठवलं. तुझ्या खडूपेक्षा माझी पट्टी खरी.

"मग पुन्हा नाही सांगितलं. तू सगळ्यांना सांगतोस ना, बहिणीसाठी शिकलो म्हणून. म्हटलं, माझं जमतंय पिशवीत घालून. तुझं कशाला मोडा."

"हिला माहीत आहे?"

"तुझ्या बायकोनेच त्या मुलीचा पत्ता दिला."

मला वाटलं होतं मी तिला काहीतरी भयंकर सांगायला आलोय, आणि ती रडेल, किंवा माफ करेल, माझ्यासाठी दोन्ही सोयीचं होतं. ती तीन वर्षं बरी होती. टाकीपर्यंत चढत होती. माझ्या रविवारांसाठी पाठ दुखवून घेत होती, आणि गरम पाण्याची पिशवी देणारी आणि घेणारी दोघी माझ्या डोक्यावरून एकमेकींकडे बघत होत्या. मी संतापलो. कुणावर ते कळेना. "मी काय लहान मूल आहे?" असं काहीतरी ओरडलो. आक्का म्हणाली, "लहान मूल ऐकतं तरी." आणि हसली. खरंच हसली, आणि मग माझ्याकडे बघून हसणं थांबवलं. "आलास कशाला, ते सांग."

मग सांगितलं. फळीवाला, पट्टी, सतरा कार्डं. सकाळी ग्रंथालयवाल्या बाईंना मी तेच बूट दिले, कळल्यावरसुद्धा, तोंडाने वय म्हणून. तेही सांगितलं. तिने मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. शिवायला आणलेल्या कापडाबद्दल ऐकते तसं ऐकलं, कुठे फाटलंय, किती जोडायचं.

"ठोकतोस तिथेच मोजतोस?"

"एकच टेबल आहे."

"मी ज्या टेबलावर इस्त्री करते तिथे कधी कापत नाही. इस्त्रीचं टेबल बसकं होतं. कापायला वेगळं." एवढं सरळ. मी दिवसभर दुकानातल्या नमुन्यांना हातोडीने मारत हिंडलो होतो. ठोकायला लाकूड, झिजेल, झिजू दे, दरवर्षी पालटेन. मोजायला दगडाचा तुकडा, हातभर, त्यावर हातोडी कधीही न टेकवता, आणि पट्टी मोकळी, त्याच दगडावर उभी. फोन काढून फळीवाल्याला तिथेच सांगितलं. "दोन्ही? मग दुपारी माझ्या नमुन्यांची वाट का लावलीत?" म्हणाला.

"आणि माणसं?" आक्काने विचारलं. "टेबलाचं झालं. एकसष्ट माणसं आहेत ना तुझ्या भिंतीवर?"

"साठ," मी म्हणालो. तिला वगळून.

"पुढच्या वर्षी गुपचूप बरोबर करून देशील." ती विचारत नव्हती. तिने मला लहानपणापासून पाहिलंय. बसमधलं ते सगळं तिला तोंडावर दिसलं असणार. "निम्मे तुला सोडून जातील. त्या मुलीकडे जातील. मी तुला खोटं सांगत नाही."

"ठाऊक आहे."

"बाईंना आज सांग. आता. अजून तेच घालून त्या जिने चढत असतील."

त्यांचा नंबर लावला. वाजत राहिला. आक्का टेकाडाकडे तोंड करून उभी होती, माझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून बाजूला झाली नव्हती. पलीकडून, "मास्तर! अहो, आत्ताच शेजारणीला तुमच्याबद्दलच सांगत होते," असा आवाज आला, आणि मी म्हणालो, "बाई, आधी ते बूट पायातून काढा. चूक माझी आहे. वय नाही, मी आहे." त्या म्हणाल्या, "कधीपासून?" मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला नाही. शिवी दिली नाही. अगदी हळू, "म्हणजे मी बरी होते," असं म्हणाल्या, मला नाही, तिथे जी कोण शेजारीण उभी होती तिलाही नाही.

फोन बंद झाल्यावर मला बसायचं होतं. बसायला काही नव्हतं. आक्का म्हणाली, "चल, पुन्हा टाकीपर्यंत जाऊ. चालताना पुढचे नंबर लाव." मी म्हणालो, तू आत्ताच जाऊन आलीस. ती चालायला लागली. चढ सुरू झाला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत हातोडी. ती सहा पावलं पुढे गेली, मग दहा. पलीकडे कुणीतरी फोन उचलला, "हॅलो? कोण?" म्हणाला, आणि मला धाप लागली होती, मला माझं नावही धड सांगता येईना. "आक्का," मी ओरडलो, "हळू." ती हळू झाली नाही.